जग खरं म्हणणारे शास्त्रीबुवा

मुलुंड (पूर्व)

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. नातवाची शाळा, तुझा गुडघा, तिकडचा बर्फ, सगळं वाचलं. त्यावर रविवारी फोनवर बोलू. पण शेवटच्या पानावर जे लिहिलं आहेस, त्याला पत्रानंच उत्तर द्यायला हवं. तुमच्या तिकडच्या वेदांताच्या वर्गात सांगितलं गेलं की, जग मिथ्या आहे हे सगळ्या भारतीय दर्शनांचं एकमुखी मत आहे. जडवाद इकडे आला तो इंग्रजांबरोबर. आणि आपल्यातल्या ज्या कुणी तो धरला त्यांनी शास्त्रं नीट वाचलेलीच नव्हती. बाकीच्यांनी माना डोलावल्या, तू गप्प बसलीस, आणि घरी येऊन मला विचारलंस, हे खरं आहे का?

नाही, सुमे. तीनही गोष्टी खऱ्या नाहीत. पहिल्या दोन खोडायला थोडं बोलावं लागेल. तिसरी खोडायला एक नाव पुरतं: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी.

आपल्या पिढीला ते ठाऊक आहेत विश्वकोशामुळे. जाडजूड खंड, पहिल्या पानावर प्रमुख संपादक म्हणून त्यांचं नाव, आणि फोटोत पांढऱ्या कपड्यातले, तेज नजरेचे म्हातारे गृहस्थ. त्या फोटोमागे केवढी उलथापालथ होती हे कॉलेजात आपल्याला कुणी सांगितलं नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात देकार्त झाला, कांट झाला, शंकराचार्य झाले. वाईतल्या एका माणसानं चाळिशी गाठता गाठता ‘मुळात आहे काय?’ या प्रश्नाचं आपलं उत्तरच बदललं, आणि तेही मराठीत पुस्तक लिहून, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. मला याची फार हळहळ वाटते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरच्या विचारांना मध्येच कसं वळण लागलं यावर जगभर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. आपल्या घरातलं वळण मात्र आपण जयंती-पुण्यतिथीच्या लेखांत दोन ओळींत उरकतो.

आधी माणूस सांगते. जन्म २७ जानेवारी १९०१, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. कोवळ्या वयात वाईला आले, नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्रज्ञापाठशाळेत. ही पाठशाळा म्हणजे नुसती पौरोहित्याची शाळा नव्हे. जुनं शास्त्र मुळापासून शिकायचं आणि देशाच्या कामालाही लागायचं, असं तिथलं वारं होतं. विनोबाही गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन काही काळ तिथे शिकायला राहिले होते. लक्ष्मणशास्त्री तिथे व्याकरण, वेदांत, धर्मशास्त्र शिकले, आणि पुढे कलकत्त्याला जाऊन १९२३ मध्ये ‘तर्कतीर्थ’ झाले. ही पदवी न्यायशास्त्राची. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट इथेच सुरू होते, म्हणून इथे जरा थांबते.

बंगाल म्हणजे नव्यन्यायाचं मोठं घर. मिथिलेच्या गंगेशाचा ‘तत्त्वचिंतामणी’, मग नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणी, आणि त्यांच्यामागून टीकेवर टीका. ‘जमिनीवर घट नाही’ एवढं साधं वाक्य बोलायचं झालं तरी अभाव कुणाचा, कुठे, कोणत्या संबंधानं, त्याचा अवच्छेदक, म्हणजे त्याची सीमा ठरवणारा धर्म, कोणता, हे सगळं आधी ठरवायचं. ही शिस्त ज्याच्या अंगात मुरली त्याला ढगळ वाक्य सहन होत नाही. आणि या शिस्तीच्या पायाशी एक ठाम श्रद्धा आहे: ज्ञान कशाचं तरी असतं, आणि ते ‘कशाचं तरी’ ज्ञानाच्या बाहेर असतं. न्यायवैशेषिकांच्या मते द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव हे सातही पदार्थ खरे आहेत. परमाणू खरे, त्यांच्यापासून झालेली माती खरी, मातीची घागरही खरी.

दोरीवरच्या सापाचा दृष्टांत तुमच्या वर्गात नक्की झाला असेल. पण त्याच दोरीवर नैयायिकांचं उत्तर निराळं आहे, हे सांगितलं का? अद्वैती म्हणतो, दिसलेला साप आहेही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही, तो अनिर्वचनीय. आणि जगाचंही शेवटी तसंच. नैयायिक म्हणतो, थांबा. साप तुम्ही कुठेतरी खरा पाहिलेला आहे. दोरीही समोर खरी आहे. चूक झाली ती एकाचं रूप दुसऱ्याच्या जागी ठेवण्यात. म्हणजे भ्रमाला दोन्ही बाजूंनी खऱ्याचाच आधार लागतो. भ्रम होतो, एवढ्यावरून सगळंच भ्रम ठरत नाही. उलट, ज्यानं कधी काही खरं पाहिलंच नाही त्याला भ्रमही होणार नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. इतकं सरळ, इतकं आपलं, आणि आपण दोरी-साप म्हटलं की फक्त मायावादच आठवतो!

‘एकमुखी मत’ म्हणतात ना तुझे वर्गातले लोक? मग मोजायलाच बस. न्याय आणि वैशेषिक जग खरं मानतात. मीमांसक मानतात, जग खरं नसेल तर यज्ञ करायचा कुणी आणि कशासाठी? सांख्यांची प्रकृती खरी. जैन मानतात. वेदांतातच रामानुज आणि मध्व मायावादाशी भांडले. आणि आपले ज्ञानेश्वर? ‘अमृतानुभवा’त त्यांनी अज्ञानाचं खंडन करायला एक अख्खं प्रकरण दिलं आहे, जग अज्ञानातून भासतं असं न म्हणता ते त्याला चैतन्याचा विलास म्हणतात. शंकराचार्यांची भूमिका मोठीच आहे, पण ती अनेकांतली एक आहे. आणि निर्मात्या ईश्वराविषयी म्हणशील, तर मीमांसकांना आणि सांख्यांना त्याची गरज वाटली नाही, तरी ती दर्शनं आस्तिकच गणली गेली.

मागच्या हिवाळ्यात भाची आली होती, तिला घेऊन कान्हेरीला गेले होते. बोरिवली स्टेशनवरून उद्यानात शिरलं की अर्ध्या तासात काळ्या खडकात कोरलेली शंभराहून अधिक लेणी समोर येतात. हजारभर वर्षं तिथे भिक्षूंची वस्ती होती. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या माणसांनी दिलेल्या दानांचे लेख भिंतींवर आहेत, प्रत्येक विहाराशेजारी पाण्याची पोढी आहे. भाचीनं विचारलं, सगळं क्षणिक आहे म्हणणाऱ्यांनी एवढं पक्कं कशाला कोरलं? प्रश्न चांगला होता. मी तिला सांगितलं, याच बौद्धांशी नैयायिक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत होते. उदयनाचार्यांनी आत्मा सिद्ध करायला बौद्धांविरुद्ध सबंध ग्रंथ लिहिला. ‘आहे म्हणजे काय’ हा प्रश्न आपल्या या उपनगरांच्या टेकड्यांवर, अंधेरीच्या महाकाली लेण्यांपासून कान्हेरीपर्यंत, लोकल धावायच्या कितीतरी शतकं आधीपासून नांदतो आहे. तो विलायतेहून बोटीनं आलेला नाही.

असो. शास्त्रीबुवांकडे वळते.

न्याय शिकलेला प्रत्येकजण काही जडवादी होत नाही. न्यायात ईश्वर आहे, नित्य आत्मा आहे. उदयनाचार्यांनीच जगाच्या कार्यत्वावरून कर्ता सिद्ध केला: घट झाला म्हणजे कुंभार असणारच, तसं जग झालं म्हणजे कर्ता असणारच. मग शास्त्रीबुवा त्या पायरीवरून खाली का उतरले? मला वाटतं, उत्तराचा अर्धा भाग ग्रंथांत नाही, येरवड्यात आहे.

१९३२. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात. उपोषण, पुणे करार, आणि मग अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे की नाही यावर पंडितांशी चर्चा. लक्ष्मणशास्त्री तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले. ते गांधीजींच्या बाजूनं उभे राहिले आणि शास्त्रातूनच शास्त्र्यांना उत्तरं दिली. पुढच्या वर्षी, जून १९३३ मध्ये, पुण्याला पर्णकुटीत देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न लागलं. वर वैश्य, वधू ब्राह्मण. म्हणजे जुन्या धर्मशास्त्राच्या हिशेबात प्रतिलोम, सगळ्यात निषिद्ध. ते लग्न लावायला पुरोहित म्हणून बसले आपले शास्त्रीबुवा. १९३४ मध्ये धर्मांतरितांच्या शुद्धीवर त्यांनी संस्कृतात ‘शुद्धिसर्वस्वम्’ लिहिलं. म्हणजे तिथपर्यंत वाद शास्त्राच्या अंगणातच चालला होता: तुमचं वचन विरुद्ध माझं वचन, तुमची स्मृती विरुद्ध माझी श्रुती.

आता तू त्यांच्या जागी बसून बघ. समोर विद्वान माणसं आहेत, पाठांतर चोख आहे, तर्कही येतो, आणि ती सगळी बुद्धी एका माणसानं दुसऱ्याला शिवू नये हे सिद्ध करायला जुंपलेली आहे. वर पुन्हा तीच माणसं सांगणार की, परमार्थात सगळं एकच ब्रह्म आहे. भेद फक्त व्यवहारात. इथे अद्वैताशी अन्याय करायचा नाही मला. अद्वैती म्हणत नाही की विहिरीवरून हाकललेल्याची तहान खोटी आहे. व्यवहारात ती खरीच, असं तो मान्य करतो. पण व्यवहार ही दुसऱ्या दर्जाची सत्ता ठरली की तिथला अन्यायही दुसऱ्या दर्जाचा ठरायला वेळ लागत नाही. परमार्थात समता ठेवून द्यायची आणि व्यवहारात विटाळ पाळायचा, ही सोय त्या दोन मजली घरानं शेकडो वर्षं करून दिली. शंकराचार्यांचा तो हेतू होता असं मी म्हणत नाही. घडलं मात्र तसं. ज्याला ही तहान पूर्ण खरी मानायची आहे, त्याला जगच पूर्ण खरं मानावं लागतं. शास्त्रीबुवांच्या वळणाचं मर्म मला इथे दिसतं. हे माझं वाचन आहे, तुला पटेल तेवढं घे.

उरलेला अर्धा भाग मानवेंद्रनाथ रॉय. मूळचे नरेंद्रनाथ भट्टाचार्य, बंगाली ब्राह्मण घराण्यातले. क्रांतिकारक म्हणून देश सोडला, मेक्सिको, मॉस्को, लेनिनशी वाद, आणि मग १९३१ मध्ये इथे मुंबईत अटक. तुरुंगातल्या वर्षांत ते आधुनिक विज्ञानाचे तत्त्वज्ञानावर काय परिणाम होतात यावर लिहीत बसले होते. नोव्हेंबर १९३६ मध्ये सुटले आणि डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेसला आले, खानदेशात. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. त्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातले जे बुद्धिमान लोक रॉय यांच्याभोवती जमले, त्यांत वाईचे तर्कतीर्थ होते. धोतर नेसलेला शास्त्री आणि जगभर फिरलेला क्रांतिकारक! वरवर पाहता जोडी विजोड. पण दोघंही पंडितांच्या परंपरेतले, आणि दोघांनाही प्रश्न मुळापासून विचारायची सवय. रॉय यांचं ‘मटेरियालिझम’ हे पुस्तक १९४० चं, आणि त्यात प्राचीन भारतातल्या वैशेषिक, सांख्य, लोकायत विचारांनाही जागा आहे.

आणि १९४१ मध्ये लक्ष्मणशास्त्र्यांची दोन पुस्तकं आली: ‘हिंदुधर्माची समीक्षा’ आणि ‘जडवाद’. पहिल्यात धर्म हा ईश्वराकडून उतरलेला नसून माणसांच्या जगण्यातून, भीतीतून, समाजाच्या गरजांतून घडत गेलेला इतिहास आहे, असं पाहणं आहे. शास्त्र काय म्हणतं हा जुना प्रश्न मागे पडला; शास्त्र असं का म्हणतं, हा नवा प्रश्न पुढे आला. दुसऱ्या पुस्तकाचं तर नावच भूमिका आहे. मुळात आहे ते भौतिक. जीव, मन, जाणीव ही त्याचीच पुढची रूपं. वेदांत शिकलेल्या, न्यायात तीर्थ झालेल्या, चाळिशीच्या माणसानं हे लिहिलं. तेव्हा, सुमे, तुझ्या वर्गात ‘शास्त्रं न वाचलेले’ असं कुणी म्हणालं तर एवढं सांग की, यांनी वाचली होती. आणि वाचूनच ते इथे आले.

योगायोग बघ. त्याच्याच आदल्या वर्षी, १९४० मध्ये, बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत जयराशीचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ छापून आला. लोकायताच्या बाजूचा म्हणावा असा सबंध ग्रंथ हाती लागला तो हाच. एरवी चार्वाक आपल्याला भेटतात ते त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांत. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलंच दर्शन त्यांचं आहे, खोडण्यासाठी का होईना. तेव्हा दुसरं विधानही गेलं. जडवाद इथलाच. त्याचे ग्रंथ आपण सांभाळले नाहीत, एवढंच.

आता तुला माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण हे सगळं मला केवळ अभ्यास म्हणून भिडलेलं नाही. आईची शेवटची वर्षं तू पाहिली नाहीस. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग भाचरांची. घाटकोपरचं जुनं घर तेवढं टिकून होतं. मुलुंडच्या या खोलीत बसून ती घाटकोपरला जायची गाडी कधी सुटते विचारायची. एक दिवस माझ्याकडे बघून तिनं अतिशय अदबीनं विचारलं, ‘आपण कोण?’ डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला होता. कुठला भाग आक्रसला आहे ते बोट ठेवून सांगितलं होतं. ती गेल्यावर भेटायला आलेले सगळे एकच म्हणायचे, आत्म्याला काही होत नाही. मायेनं म्हणायचे, मी ऐकून घेतलं. पण मनात प्रश्न राहिला: कुठल्या आत्म्याला? मला ओळखणारी, माझ्या हातची भाकरी मऊ झाली की खूश होणारी ती तर मेंदूबरोबर कणाकणानं गेली.

अद्वैताचं याला उत्तर आहे, आणि ते तयारीचं आहे. स्मृती अंतःकरणाची, आत्मा फक्त साक्षी, त्याला विसरणंही नाही आणि आठवणंही नाही. तर्काला मी बोट लावू शकत नाही. पण ज्या साक्षीला मी ठाऊक नाही, ज्याला माझी माया नाही, तो माझी आई कसा? आणि माझी आई नसेल तर तो अमर असल्याचं मला सांत्वन कसलं? याच सुमाराला मी ‘जडवाद’ शोधून वाचलं. त्यात दुःखावर फुंकर नव्हती. पण तिथे माझी आई पूर्ण खरी होती, जितकी वर्षं होती तितकी. आणि तिचं जाणंही पूर्ण खरं होतं. त्या दिवसांत मला नेमकं हेच हवं होतं.

याचा अर्थ मला सगळं पटलं असा नाही. चार्वाकांचं म्हणणं तुला आठवत असेल: किण्वापासून जशी मदशक्ती, तशी भूतांपासून चेतना. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या भाष्यात शंकराचार्य यालाच हात घालतात. ते म्हणतात, रूपासारखे देहाचे गुण प्रेतातही दिसतात, जाणीव दिसत नाही. मग ती देहाचा गुण कशी? याला आजचं उत्तर देता येतं: जाणीव ही देहाच्या चालू क्रियेची आहे, क्रिया थांबली की ती थांबते, आणि मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की काय हरवतं हे आज बरंच तपशिलानं दाखवता येतं. पण शंकराचार्यांचा दुसरा बाण अधिक खोल आहे. भूतं तर जाणिवेचा विषय आहेत. विषय असणारा स्वतःच स्वतःला विषय कसा करील? हा काटा मला अजून टोचतो. भौतिकातून जाणीव उगवते हे मी मानते. ती आतून अशी का जाणवते, सकाळच्या चहाचा वास ‘मला’ का येतो, हे कुठलाच जडवादी मला समजावून सांगू शकलेला नाही, शास्त्रीबुवाही नाहीत. आजही जगभरचे तत्त्वज्ञ यावर डोकं धरून बसले आहेत. तरी माझा कौल जडवाद्यांच्या बाजूनं आहे. एक कोडं सुटत नाही म्हणून सगळ्या जगाची सत्ता कमी करायची, हा सौदा मला महाग वाटतो.

या गोष्टीत मला सगळ्यात मोठी वाटणारी बाब अजून सांगायची आहे. नारायणशास्त्री मराठ्यांनी १९३१ मध्ये संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. म्हणजे गुरू भगव्या वस्त्रात आणि दहा वर्षांत शिष्य जडवादाचा ग्रंथकार! वाईसारख्या गावात, कृष्णाकाठी, एकाच संस्थेत. वेगळ्या ठिकाणी काय झालं असतं, कल्पना कर. इथे गुरूनं मीमांसाकोशाचं अवाढव्य काम केलं, शिष्यानं धर्मकोशाचं. शिष्याचं मत फिरलं म्हणून प्रज्ञापाठशाळेचं दार त्याला बंद झालं नाही, आणि शिष्यानं जडवादी झालो म्हणून धर्मशास्त्राची पोथी फेकून दिली नाही. ज्या वचनांचं प्रामाण्य आपण मानत नाही, त्यांचे पाठभेद जुळवत, संदर्भ तपासत बसायला केवढी निष्ठा लागते! आणि त्याच पाठशाळेत शिकून गेलेले विनोबा उपनिषदांचं बोट धरूनच भूदानासाठी देशभर चालत राहिले. एका गुरुकुलातून संन्यासी, सर्वोदयी आणि जडवादी निघाले, यात मला त्या शिक्षणाचा मोठेपणा दिसतो.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर १९४८ मध्ये रॉय यांनी आपला पक्ष विसर्जित केला आणि नवमानवतावादाची चळवळ उरली. पाया भौतिकच, पण माणसाच्या विचारांना आणि स्वातंत्र्याला इतिहासात स्वतःची ताकद आहे, असं म्हणणारी. शास्त्रीबुवाही त्याच वाटेनं गेले. १९५१ मध्ये ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ आलं. १९५५ मध्ये साहित्य अकादमीचं मराठीतलं पहिलं पारितोषिक त्याला मिळालं. १९५४ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. काही लोक म्हणतात, ‘बघा, म्हातारपणी परत वेदांकडे वळले.’ मला हे अजिबात मान्य नाही. ते पुस्तक वाचलंस तर दिसेल की, वेद तिथे माणसांनी घडवलेली संस्कृती म्हणून उभे आहेत, मोठ्या प्रेमानं आणि तेवढ्याच मोकळ्या नजरेनं पाहिलेले. श्रद्धा गेल्यावरही प्रेम राहू शकतं. किंबहुना कुणाची भीती नसताना केलेलं प्रेम अधिक डोळस असतं. परत वळणं याला म्हणत नाहीत.

मग १९६० पासून विश्वकोश. वाईतच कार्यालय, पहिला खंड १९७६ मध्ये. अणूपासून अमृतानुभवापर्यंत जगातल्या प्रत्येक गोष्टीला मराठीत नोंद असली पाहिजे, हा ध्यास. ज्याला जग खरं वाटतं तोच जगातल्या वस्तूंची अशी नोंदवही करायला घेतो, असं मला आपलं वाटतं. २७ मे १९९४ ला ते गेले. त्यांच्यामागून विश्वकोशाची धुरा सांभाळली ती मे. पुं. रेग्यांनी. दादरच्या कीर्ती कॉलेजातले रेगे सर, तत्त्वज्ञानातलं आणखी एक मोठं नाव. त्यांच्याविषयी सांगायला बसले तर दुसरं पत्र लागेल, आणि ते मी लिहिणार आहे.

इकडचं म्हणशील तर मुलुंडात आता प्रत्येक गल्लीत एक इमारत पडलेली आणि एक चढत असलेली. मिठागर रोडला तू आता ओळखणार नाहीस. पण वाचनालयं आहेत, आणि तिथे आपल्या वयाच्या बायका अजून येतात. आमच्या इमारतीतल्या सात-आठ जणींचा एक वाचनगट आहे. गेल्या महिन्यात मी त्यांच्यापुढे दोरी-सापाचा नैयायिकांचा अर्थ मांडला. त्यातल्या एका काकूंनी आयुष्यभर हरिपाठ केलेला. त्या म्हणाल्या, म्हणजे आमचा विठोबाही खरा आणि वीटही खरी, हे आम्हाला आधीपासूनच माहीत होतं की! त्यांना जडवाद नको आहे, आणि मी तो त्यांच्या गळ्यात बांधणारही नाही. पण जग खोटं आहे असं त्यांनाही कुणी पटवू शकलेलं नाही.

आता तुझ्यासाठी काम. ‘जडवाद’ची प्रत तिकडे मिळणार नाही, मी महत्त्वाच्या प्रकरणांचे फोटो काढून पाठवते. तोवर मराठी विश्वकोश उघड, तो आता इंटरनेटवर सगळ्यांना मोफत वाचता येतो. न्याय, वेदांत, लोकायत यांच्यावरच्या नोंदी आधी वाच. आणि पुढच्या वर्गात हात वर कर. भांडू नकोस, नुसतं विचार: न्याय, मीमांसा, सांख्य, रामानुज, मध्व हे सगळे जग खरं मानतात, तर एकमुखी मत ते कुठलं? आणि तर्कतीर्थांनी शास्त्रं वाचली नव्हती का? काय उत्तर येतं ते शब्दन्‌शब्द मला लिही.

गुडघ्याला जप. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझीच,
मुलुंडची मैत्रीण